पऱ्यावरची नवी शीव

माझे चुलत सासरे हैबतीतात्या जन्मभर एकाच माणसावर जळले. तो माणूस म्हणजे माझे सासरे कोंडाजी, ज्यांना मी मामंजी म्हणायची. दुसऱ्या कुणावर जळायला तात्यांना सवडच मिळाली नाही.

मी महाडची. वडील बाजारपेठेत शिंपीकाम करायचे. सातवी झाली, दोन वर्षं घरी बसले आणि लग्न होऊन पडले ती थेट पोलादपूरच्या अंगाला, उंबरशेतात. उंबरशेत म्हणजे दोन वाड्या. तिकडे वाडीला कोंड म्हणतात. वरचा कोंड, खालचा कोंड आणि मधून पऱ्या. पऱ्या म्हणजे ओढाच, पावसाळ्यात बैल ओढून नेणारा आणि शिमग्याच्या सुमाराला घोटाही न भिजवणारा. आमचं घर वरच्या कोंडाच्या पार टोकाला, हैबतीतात्यांचं खालच्या कोंडात, अगदी पऱ्याच्या काठावर. सोमजाईचं देऊळ खाली होतं, शाळा खाली होती. तालुक्याची हद्द त्या पऱ्यातूनच जायची, वरचा कोंड पोलादपुरात आणि खालचा महाडात, पण तलाठी सोडला तर कुणाला त्याची आठवणही नसायची. गावकी एक होती, देवी एक होती, भांडणंही एकत्रच होती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी हैबतीतात्यांच्या पाया पडले. आशीर्वाद द्यायचा सोडून ते ठकूकाकींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे वळून म्हणाले, "कोंडाजीला सून पण शिकलेली मिळाली." काकींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी घाईघाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या घटकेपासून मला ते माणूस कळलं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही. मनातलं तोंडावर येणारी माणसं मला परवडतात. मनात ठेवून गोड बोलणारी मला माहेरी भरपूर भेटली होती.

त्यांच्या जळण्याला काही सुमार नव्हता. मामंजींनी पेंढा काढून घरावर कौलं घातली, तर तात्यांनी पुढच्याच उन्हाळ्यात घातली आणि सुतार मिळाला नाही म्हणून स्वतःच चढवली. त्यांची ओटी पाच वर्षं गळत होती. आमच्या म्हशीला रेडी झाली की त्यांचं जेवण उतरायचं नाही. मामंजींना खोकला झाला तरी ते विचारायचे, "औषध महाडच्या डॉक्टराचं का रे?" म्हणजे खोकलाही आपल्यापेक्षा भारी झाला की काय, ही काळजी.

आणि हेच तात्या, आमचा बैल वरंधच्या बाजूच्या घळीत पडला तेव्हा कमरेला दोर बांधून सगळ्यांच्या आधी खाली उतरले होते. बैल वर आला, जगला. तात्यांची ढोपरं सोलून निघाली होती. मामंजींनी त्यांना मिठी मारली. तात्या घरी गेले आणि काकींना म्हणाले, "माझा बैल पडला असता तर मेला असता. त्याचा जगला." हे काकींनीच मला हसत हसत सांगितलं. मी हसले नाही. मला वाटलं, एवढं जळून माणूस दोराला लटकतो कशाला? मग लटकतो तर जळतो कशाला? याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं.

पण कौलं, म्हैस, बैल हे सगळं वरवरचं. तात्यांचं खरं दुखणं एकच होतं, शिवेचा नारळ.

शिमग्यात सोमजाईची पालखी देवळातून निघायची, खालच्या कोंडात घरोघर जायची, पऱ्या ओलांडून वर यायची, आमच्याकडे सगळ्यांची दारं घ्यायची आणि शेवटी आमच्या घरामागच्या ऐनाच्या झाडाखाली थांबायची. तिथे गावची शीव. देवी शीव ओलांडत नाही. शिवेला ज्याचं घर लागून, नारळ त्याने फोडायचा, हा गावकीचा नियम. म्हणून दर वर्षी नारळ मामंजी फोडायचे. ढोल थांबायचा, सगळं गाव गप्प उभं राहायचं, मामंजी गाऱ्हाणं घालायचे, नारळ दगडावर आपटायचे आणि पालखी मागे फिरायची. एवढा वेळ सगळ्या गावाचे डोळे एका माणसावर असायचे. मामंजी तसे साधे, पण त्या वेळी त्यांची मान जरा ताठ व्हायची, हे मीही नाकारणार नाही. आणि गर्दीत मागे हैबतीतात्या जमिनीकडे बघत उभे असायचे.

त्यात एकदा मामंजींनी त्यांना दुखावलं. तात्यांनी शिवेपलीकडच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीत गुरांसाठी बेडं, गोठाच म्हणा, बांधलं होतं. त्या वर्षी गुरांना रोग आला होता, म्हणून त्यांनी विनवलं की पालखी तेवढी बेड्यापर्यंत न्यावी. ऐनापासून हाकेच्या अंतरावर होतं ते. मामंजी म्हणाले, "हैबती, देवी शीव ओलांडत नाय." नियम होता, मामंजी नियमाने बोलले. पण मला वाटतं, मान ज्याच्याकडे असतो त्याला नियम जरा जास्तच गोड लागतो. तात्यांनी ते वाक्य गिळलं आणि पोटात जपून ठेवलं.

मग सरकारने मतदारसंघ नव्याने आखले.

आणीबाणी चालू होती. शाळेच्या भिंतीवर एक कागद लागला. बौद्धवाडीतले सोमा गुरुजी शाळेत शिकवायचे, त्यांनी तो गावकीला वाचून दाखवला. लोकसभेचा नवा मतदारसंघ झाला होता आणि त्याची हद्द नेमकी आमच्या पऱ्यातून जात होती. वरचा कोंड नव्या मतदारसंघात गेला, खालचा जुन्यात राहिला. आजवर दोन्ही कोंडांनी खालच्या शाळेत मत दिलं होतं. आता वरच्या कोंडाने डोंगर चढून दुसऱ्या गावी जायचं, दुसऱ्याच माणसांच्या नावापुढे शिक्का मारायचा. बायका म्हणाल्या, एवढं चढून कोण जातंय. पुरुष म्हणाले, बघू. विषय संपला असता.

हैबतीतात्यांनी मात्र गुरुजींना तो कागद पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, "म्हंजे वरच्या कोंडाचा खासदार येगळा आन् आमचा येगळा?"

"हो," गुरुजी म्हणाले.

"आन् हद्द पऱ्या."

"पऱ्याच."

तात्या घरी गेले. काकी सांगायच्या की त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.

शिमगा जवळ आला तशी देवळात गावकी बसली. नेमक्या त्याच महिन्यात निवडणूक लागली होती. पालखीचा मार्ग ठरवायची वेळ आली तेव्हा तात्या उठून उभे राहिले. आम्ही बायका बाहेर पायरीवर होतो, मी सगळं कानांनी ऐकलं.

"देवी शीव ओलांडते का?" त्यांनी विचारलं.

"नाय," सगळे म्हणाले.

"राजा बदलला म्हंजे मुलूख बदलला का नाय?"

हे रायगडाच्या टापूतलं गाव. राजा आणि मुलूख म्हटलं की माणसं सरळ बसतात. म्हातारे म्हणाले, बदलला.

"मंग ऐका. तालुके दोन होते तवा राजा एक होता, म्हणून मी काय बोललो नाय. आता त्यांचा राजा येगळा, आमचा येगळा. सरकारनं शीव पऱ्यावर आणली. देवीचं देऊळ खाली हाय. तिनं पऱ्यापोत्तर यावं आन् मागं फिरावं. आन् शिवेला ज्याचं घर लागून, नारळ त्याचा."

पऱ्याला लागून कुणाचं घर, हे सांगायची गरज नव्हती.

गुरुजी शाळेची किल्ली द्यायला आले होते, ते दाराबाहेरूनच म्हणाले, "हैबतराव, ही मतांची हद्द आहे. तुमच्या देवीचं नाव मतदार यादीत नाही, मग तिला हद्द कसली?"

"यादीत नाय, पण मुलूख तिचाच ना," तात्या म्हणाले. "कुणाच्या मुलखात किती चालायचं ते तिला कळतं."

गुरुजी हसून निघून गेले. त्यांनी हे सगळं कधीच मागे टाकलं होतं, त्यांना हसणं सोपं होतं. आत बसलेल्यांना हसू येत नव्हतं. त्यांना तात्यांचं म्हणणं पटत होतं, हीच पंचाईत. सगळे मामंजींकडे बघू लागले. मामंजी एक शब्द बोलले असते तर सगळं तिथेच मोडलं असतं. पण काय बोलणार? देवी शीव ओलांडत नाही, हे सगळ्यांत मोठ्याने त्यांनीच तर सांगितलं होतं.

"खरं हाय," मामंजी म्हणाले. "शीव ती शीव."

असं ठरलं. वरच्या कोंडात त्या वर्षी पालखी येणार नव्हती. मला रागाने रडू आलं. माझी सासू प्रयागबाई चुलीपुढे बसून नुसती म्हणाली, "जळका मेला." मामंजी तिच्यावर खेकसले, "माझा भाऊ हाय तो."

आता तात्यांना झोप लागायला हवी होती. नाही लागली. कारण आनंदाच्या भरात ते एक गोष्ट विसरले होते, आणि ती काकींनी गावकी उठल्या उठल्या त्यांना सांगितली.

त्यांची मुलगी बनू वरच्या कोंडात दिलेली. दुसऱ्या कुळातला भागोजी तिचा नवरा, मुंबईला गिरणीत. बनूची दोन मुलं पाठोपाठ गेली होती, एक पाळण्यात आणि एक त्याच्याही आधी. मागच्या शिमग्याला तिसऱ्या वेळी दिवस गेलेले असताना तात्यांनी पालखीपुढे डोकं टेकून नवस बोलला होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलेला, की आई, हे पोर तगलं तर पुढच्या साली तू बनूच्या दारात आलीस की तिथंच तुझी खणानारळानं ओटी भरू आणि पोर तुझ्या पालखीखाली घालू. पोर तगलं होतं. मुलगा होता, गुटगुटीत. बनू वर्षभर त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. नवस फेडल्याशिवाय तिने मुलाच्या अंगावर नवं कापड घातलं नव्हतं, बारसंसुद्धा नुसतं नाव ठेवण्यापुरतं केलं होतं.

खोटं कशाला बोलू, मला बनूचा फार हेवा वाटायचा. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. ती मुलाला घेऊन पाण्याला यायची तेव्हा मी पलीकडे तोंड करून हंडा घासायची. म्हणून मी हैबतीतात्यांवर उगाच तोंडसुख घेत नाही. आमच्या घरात मीही जळतच होते, फक्त मला कुणी गावकीत उभं राहू देत नव्हतं.

काकींनी तात्यांना विनवलं. बनू स्वतः खाली आली, बापाच्या पायाशी बसली, म्हणाली, "बाबा, पोराला काय झालं तर?" तात्या म्हणाले, "तू खाली ये पोराला घेऊन. पालखी देवळात भेटंल." बनू म्हणाली, "दारात बोललायत तुम्ही." मागे घ्यायचं म्हणजे गावकीपुढे उभं राहून म्हणायचं की शीव पऱ्यावर नाही, नारळ कोंडाजीचाच. ते त्यांच्याने होईना. पोरीचा जीव आणि तो नारळ, दोन्ही एकाच वेळी छातीशी धरून ते बसले होते.

होळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, एक नारळ दे." मी दिला. ते खाली निघाले. प्रयागबाईने मला मागोमाग पाठवलं, कारण तिला वाटलं भांडण होणार. तात्या ओटीवर बसले होते. मामंजी पायरीवरच उभे राहिले.

"हैबती, हा नारळ तू घे."

"कसला नारळ?" तात्यांनी विचारलं.

"ऐनाखालचा. जुन्या शिवेचा. उद्या देवीला वर येऊ दे, बनूचं दार होऊ दे आन् वरचा नारळ तू फोड. उद्याच नाय, दर साली तू फोड. मी गावकीला सांगतो."

मी अंगणात उभी होते. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान हा माणूस भाजीसारखा देऊन टाकत होता. ठकूकाकी आतून दारात आल्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, सुटलं. आता तात्या उठतील आणि रडतील.

तात्या उठले खरे. पण त्यांचा चेहरा काळवंडला होता.

"तू देनार," ते म्हणाले. "तू देनार आन् मी घेनार. म्हंजे उद्या गाव म्हननार, कोंडाजीनं दिला. हैबतीनं मिळवला न्हवं, कोंडाजीनं दिला. नारळ पण तुझा, मन पण तुझंच मोठं. माझं काय र्‍हायलं?"

"अरे, पोरीसाठी."

"पोर माझी हाय. घेऊन जा तुझा नारळ."

मामंजी परत फिरले. मी पऱ्यात उतरल्यावर मोठ्याने म्हणाले की असल्या माणसाचं तोंड बघू नये. मामंजी म्हणाले, "त्याचं खरं हाय गो. मला द्यायला बरं वाटत होतं." मी चपापले. तोवर मला वाटत होतं की दोघा भावांत जळणारा फक्त एकच आहे.

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. मुंबईचे चाकरमानी आले होते, ढोल जोरात होते. खालच्या कोंडातली घरं झाली. वरचा कोंड सगळा पऱ्याच्या आमच्या काठावर येऊन उभा राहिला होता, बायका हातात ताटं घेऊन, पालखी आपल्या घरी येणार नाही हे माहीत असूनही. बनू मुलाला छातीशी धरून सगळ्यांच्या पुढे होती. तिचे डोळे सुजले होते. पलीकडे हैबतीतात्या धुतलेलं धोतर, डोक्याला लाल फेटा, हातात नारळ घेऊन उभे. आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं, आणि ते बनूकडे बघायचं टाळत होते.

मामंजी सकाळपासून दिसले नव्हते.

ढोल थांबले. तात्यांनी गाऱ्हाणं घालायला हात जोडले. तेवढ्यात वरच्या वाटेने मामंजी आणि भागोजी येताना दिसले. दोघांच्या खांद्यावर आडवी काहीतरी मोठी फळी होती. जवळ आल्यावर कळलं, ते दार होतं. बनूच्या घराचं. आमच्याकडच्या जुन्या घरांची दारं बिजागरीवर नसतात, वरखाली खाचेत बसवलेली असतात. जोर लावून वर उचललं की निघतात.

कुणाला काही कळायच्या आत दोघे पऱ्यात उतरले, दगडावरून पाय टाकत पलीकडे गेले आणि पालखीपुढे त्यांनी ते दार उभं केलं. मामंजी एका बाजूने धरून उभे राहिले, भागोजी दुसऱ्या.

"देवी शीव ओलांडत नाय," मामंजी मोठ्याने म्हणाले. "माणसाला वलांडायला बंदी नाय. बनू, ये. तुझं दार हाय हे. तिथं उभी र्‍हा आन् आईची ओटी भर."

गुरवाने म्हाताऱ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांत जुना माणूस म्हणाला, "जिथं दार तिथं घर." आणि ढोल वाजायला लागले.

बनू धावतच पऱ्यातून गेली. तिने त्या उभ्या दाराला टेकून ओटी भरली, मुलाला पालखीखाली आडवं घातलं, पालखी त्याच्यावरून गेली. मूल रडलं नाही, टकामका बघत राहिलं. सगळ्या बायकांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण माझं रडणं त्यांच्यासारखं नव्हतं. मुलाला उचलून पहिल्यांदा मामंजींनी घेतलं, त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते माझ्या मुलासाठी असायला हवं होतं.

मग हैबतीतात्यांनी नारळ फोडला. फोडला खरा, पण कुणी बघितलं नाही. सगळे बनूच्या दाराभोवती गोळा झाले होते. नातू कोंडाजीच्या हातात होता आणि तात्यांच्या हातात दोन वाट्या. त्यांना मी त्या वेळी पाहिलं ते अजून दिसतं. राग नव्हता तोंडावर. लहान मुलाला जत्रेत नेऊन परत आणताना खेळणं घेऊन द्यायचं विसरावं, त्या मुलासारखं तोंड होतं.

पुढच्या शिमग्याला वरच्या कोंडातल्या सगळ्यांनी दारं आणली. कुणी ठरवलं नव्हतं. आपल्या दारावर देवीचा गुलाल पडायला हवा, एवढंच प्रत्येकाला वाटलं. डोंगरातून दारांची रांग उतरायची, जड दारं दोघं धरून, हलकी एकट्याच्या पाठीवर, आणि पऱ्याच्या पलीकडे ओळीने उभी राहायची. घरचं दार घरच्या नाहीतर भावकीतल्या पुरुषानेच उचलायचं, असा नियमही झाला. आणि पहिलं दार कुणाचं? ज्याने ही वाट काढली त्याचं. आजूबाजूच्या गावांतून, पार पाचाडकडून माणसं ही दारं बघायला यायला लागली. तात्यांनी एक मान काढून घेतला आणि मामंजींच्या पदरात त्याहून मोठा मान पडला. शिवेचा नारळ तात्या दर साली फोडायचे. बघणारे दारं बघायचे.

निवडणुका झाल्या, पुन्हा झाल्या. आमच्या बाजूला डांबरी रस्ता पऱ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. तात्या काठावर बसून त्या डांबराकडे बघायचे, म्हणायचे, "त्यांचा राजा बरा निघाला." मी म्हणायची, "तात्या, हद्द तुम्हीच ओढून घेतलीत." ते म्हणायचे, "सरकारनं ओढली गो, मी फक्त दाखवली." मला मुलगा झाला तेव्हा भावकीतून पहिला बाळंतविडा घेऊन तेच आले. मुलाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "कोंडाजीवर गेला." आणि तोंड पाडून परत गेले.

मामंजी गेले ते एका पावसाळ्यात, तापाने. तात्यांनी खांदा दिला. स्मशानातून आल्यावर त्यांनी जेवण घेतलं नाही. काकी म्हणाल्या, रडलेही नाहीत, नुसते बसून आहेत. मला वाटलं, आता ज्याच्यावर जळायचं तो गेला, म्हातारा मोकळा झाला.

वर्षश्राद्ध झाल्यावरचा पहिला शिमगा. माझा नवरा तोवर महाडच्या कारखान्यात लागला होता, त्या दिवशी त्याची पाळी होती आणि सुट्टी मिळाली नाही. मुलगा दार उचलायच्या वयाचा नव्हता. मी घरात बसून होते. खाली ढोल वाजत होते, थांबत होते, पुन्हा वाजत होते. सगळी दारं गेली होती. आमचं तेवढं चौकटीत होतं. सासू भिंतीकडे तोंड करून बसली होती.

नंतर बनूने मला सांगितलं तिथे काय झालं ते. वाट बघून लोक कंटाळले. म्हातारे म्हणाले, कोंडाजीच्या घरी यंदा माणूस नाही, राहू दे. बनूचं दार पहिलं धरा, नाहीतरी पहिल्या साली पहिलं तिचंच होतं. बनूचा नवरा दार पुढे सरकवायला लागला. हैबतीतात्या नारळ घेऊन उभे होते. त्यांच्या मुलीचं दार, सगळ्या गावापुढे पहिलं. जन्मभर ज्यासाठी माणूस तडफडला ते आपल्या पायांनी चालत समोर आलं होतं, मागावंसुद्धा लागलं नव्हतं.

तात्यांनी नारळ खाली दगडावर ठेवला. "थांबा," म्हणाले. आणि पऱ्यात उतरले.

मी दारात आवाज ऐकला म्हणून बाहेर आले. तात्या धापा टाकत उभे होते. वाट सगळी चढणीची, त्यांचं वय झालेलं.

"बाजूला हो," ते म्हणाले.

"तात्या, दोन माणसांचं दार आहे ते. सागवानी आहे."

"माहीत हाय सागवानी हाय ते. माझं आंब्याचं हाय, ते पण माहीत हाय." त्यांनी दाराला खालून हात घातले, दात आवळले आणि ते खाचेतून वर काढलं. मी धरायला गेले तर कोपराने मला ढकललं. "भावकीतल्या माणसानं उचलायचं."

"कुणाला तरी हाक मारते."

"नको."

त्यांनी दार पाठीवर घेतलं. त्याच्या वजनाने ते पार वाकले, मला त्यांचं तोंड दिसेना, फक्त दाराखालून कधीकाळी बैलापायी सोललेल्या ढोपरांचे दोन पाय. मी मुलाचा हात धरून मागोमाग निघाले. सासूही उठली. अर्ध्या उतारावर ते थांबले, श्वास घेतला, आणि दाराखालून मला त्यांचा आवाज ऐकू आला. रडत होते.

"बघ गो सूनबाई," ते म्हणाले, "कोंडाजीनं दार पण माझ्यापरीस जड केलान."